नुसता आकडा बदलला!

प्रश्न :

स.न.वि.वि.

मी कर्वेनगरला राहते आणि एका पतसंस्थेत बरीच वर्षं हिशेब बघते. मुलगा टी.ई. कॉम्प्युटरला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरात तोच आमचा सायबर पोलीस. आजीनं 'पुढे पाठवा' असं लिहिलेलं काही पुढे पाठवलं की तिची खैर नसते. ह्यांनी आधार कार्डाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला तेव्हा तासभर प्रवचन झालं. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर काळी पट्टी चिकटवलेली. आम्हाला कौतुकच वाटायचं.

गेल्या महिन्यात कळलं ते वेगळंच. कॉलेजच्या फीच्या पोर्टलवर स्वतःच्या लॉगिननं शिरून त्यानं वेबपानाच्या वरच्या पत्त्यातला आकडा बदलला, तर दुसऱ्याच मुलाची पावती उघडली. मग एक छोटा प्रोग्राम लिहून अख्ख्या वर्गाचं उतरवून घेतलं : कोणी किती फी भरली, कोणाला कुठली सवलत, उत्पन्नाचे दाखले, फोन नंबर. त्याचा तक्ता करून मित्रांना दाखवला. एका मुलाच्या वडिलांच्या उत्पन्नावरून कट्ट्यावर थट्टा झाली आणि तो मुलगा काही दिवस कॉलेजलाच आला नाही. मी विचारलं तर म्हणतो, "आई, हॅक कुठे केलंय? नुसता आकडा बदलला. आणि तक्त्यातून नावं काढून टाकली आहेत. माझा हेतू काही वाईट नव्हता." ह्यांचं म्हणणं, अभ्यासाचाच भाग आहे, पोराचं डोकं चालतंय, उगीच बाऊ करू नकोस.

मी कॉलेजात जाऊन सांगू का? लॅपटॉप काढून घेऊ का? आणि खरं सांगा, हे शिक्षण मुलांना जबाबदार करतं की नुसतं हुशार?

– एक आई, कर्वेनगर

उत्तर :

ताई,

कॉलेजात तुम्ही जाऊ नका आणि लॅपटॉपही काढून घेऊ नका. जायचं त्यानं आहे. काय घेऊन जायचं ते पुढे सविस्तर लिहिते. पण आधी त्या "नुसता आकडा बदलला"चा समाचार घेऊ. कॉम्प्युटर शिकवण्यात माझी हयात गेली. हे वाक्य मी इतक्या पोरांच्या तोंडून, इतक्या निरागस चेहऱ्यानं ऐकलंय की आता चीडही येत नाही. ते अर्धं खरं असतं, म्हणूनच खोडून काढायला अवघड जातं.

खरं अर्धं असं. त्यानं लॉगिन केलं तेव्हा पोर्टलनं त्याला ओळखलं. त्यानं आपली पावती उघडली, तिचा क्रमांक पत्त्याच्या पट्टीत दिसत होता, तो एकानं वाढवला, आणि पोर्टलनं पुढच्या रोल नंबरची पावती मुकाट्यानं काढून दिली. मागणारा कोण हे तपासलं होतं. मागितलेला कागद मागणाऱ्याचाच आहे का, हे तपासायचं राहून गेलं होतं. तुमच्या काउंटरवर रोजचे ओळखीचे खातेदार येतात. म्हणून त्यातल्या एकानं शेजाऱ्याचं पासबुक मागितलं तर तुम्ही देता का? ओळख पटली म्हणजे अधिकार मिळाला असं होत नाही, हे तुम्हाला कुणी शिकवावं लागलं नसेल. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना ते पुन्हा पुन्हा शिकवावं लागतं. वेबसाइटच्या सुरक्षेवर काम करणारी ओवास्प नावाची संस्था आहे. तिनं २०२१ साली सर्वांत गंभीर धोक्यांची जी यादी काढली, तिच्यात पहिला नंबर याच जातीच्या चुकांचा होता. तेव्हा दोष पोर्टल बांधणाऱ्याचा, आणि तो दोष तुमच्या मुलाच्या नजरेत भरला याचं श्रेय त्याच्या डोक्याला. बाबांचं कौतुक इथपर्यंत मला मान्य आहे.

आता उरलेलं अर्धं. पहिल्यांदा आकडा बदलला तेव्हा त्याला शंका आली. दुसऱ्यांदा बदलला तेव्हा खात्री झाली. तिसऱ्या आकड्यापासून पुढे नवीन काहीही कळत नव्हतं. तिथे अभ्यास संपला आणि गोळा करणं सुरू झालं.

तो प्रोग्राम कसा असेल हे मी न बघता सांगू शकते. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या पाच-सात ओळी. वर एक फॉर लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायची आज्ञा, त्यात 'आय' नावाचं व्हेरिएबल, म्हणजे दर फेरीला बदलणारा आकडा. आयची किंमत एकपासून वर्गाच्या पटापर्यंत वाढत जाणार, दर फेरीला एक पावती येणार आणि फोल्डरमध्ये जाऊन पडणार. बहुतेक मध्ये सेकंदभर थांबायची एक ओळही असेल. असली तर त्याला जरूर विचारा की ही कशासाठी रे घातलीस? 'सर्व्हरवर ताण येऊ नये म्हणून' असं तो म्हणेल, आणि ते कारण पुस्तकात खरंच दिलेलं असतं. पण कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणूनही हीच ओळ घालतात. त्यातलं त्याचं कारण कुठलं, ते त्याला स्वतःला माहीत आहे.

आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्या 'आय'मध्येच आहे. कॉम्प्युटरची पहिली दोन वर्षं आम्ही मुलांकडून एकच गोष्ट घोटून घेतो : तपशील विसरा. विद्यार्थी दहा असोत की दहा लाख, प्रोग्राम तोच. नाव, गाव, घरची परिस्थिती बाजूला सारा. उरतं ते रेकॉर्ड, रेकॉर्डचा क्रमांक, आणि शेवटी नुसता आय. ॲब्स्ट्रॅक्शन म्हणतात याला. या विषयाची सगळी ताकद त्यात आहे. रेल्वेचं आरक्षण, यूपीआय, तुमच्या पतसंस्थेची व्याजाची आकारणी, सगळं त्याच्या जिवावर चालतं. पण एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला माणसाकडे आय म्हणून बघायची सवय लावली की ती लॅबमध्ये चपलांबरोबर काढून ठेवता येत नाही. त्याच्या फोल्डरमध्ये येऊन पडलेला उत्पन्नाचा दाखला कुणाच्या तरी वडिलांनी कामावर खाडा करून, तहसील कचेरीत खेटे घालून मिळवलेला असतो. मग तो स्कॅन करायचा, शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी या सरकारी साइटवर चढवायचा, साइट बंद पडली की पुन्हा चढवायचा. तेव्हा कुठे राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती पदरात पडते. कॉलेजला तो कागद दिला तो तेवढ्यासाठी. फॉर लूपला यातलं काही दिसत नाही. लूप लिहिणाऱ्याला दिसायला हवं होतं.

म्हणून तुम्हाला जे कोडं पडलंय ते मला फारसं कोडं वाटत नाही. कॅमेऱ्यावर पट्टी लावणारा आणि वर्गाची माहिती उपसणारा मुलगा एकच आहे. माहितीची किंमत त्याला चांगली कळते, पण ती स्वतःच्या आणि घरच्यांच्या माहितीची. परक्याची माहिती अजून त्याच्यासाठी आयच आहे. कॉम्प्युटरचं शिक्षण आधी स्वतःला सांभाळायला शिकवतं, ते सोपं असतं, कारण त्यात स्वार्थ असतो. दुसऱ्याला सांभाळणं त्याच शिक्षणातून येऊ शकतं. येतंच असं मी म्हणणार नाही.

"नावं काढून टाकली आहेत" हे त्याचं दुसरं वाक्य. यावर त्याला एक जुनी हकिकत वाचायला सांगा. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी नोकरांच्या आजारपणाच्या नोंदी संशोधनासाठी दिल्या जात, नावं-पत्ते गाळूनच. लटान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होती. तिनं मतदारयादी मिळवली, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एकमेकांशी जुळवले, आणि खुद्द राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली. पुढे २००० साली तिनं दाखवून दिलं की अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं एवढ्या तीनच गोष्टींवरून एकेकटी ओळखता येतात. आपल्याकडे एकेका पिनकोडात माणसांची दाटी फार, तेव्हा तो आकडा इथे जसाच्या तसा लावायला मी जाणार नाही. पण तुमच्या मुलाच्या तक्त्यात पुणं नव्हतंच, एक वर्ग होता. एका वर्गात अमुक सवलत घेणारी पोरं किती असणार? तीन? चार? आणि फोन नंबरचा रकाना तसाच ठेवला असेल तर नावं काढली काय नि न काढली काय. कट्ट्यावरच्या पोरांनी त्या मुलाला बिननावाच्या तक्त्यातूनच हुडकलं ना? मग वाद कशाला घालायचा.

स्वीनीची गोष्ट सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. तिनंही नोंदी जुळवल्याच होत्या. पण तिनं ते एका माणसाच्या नोंदीवर सिद्ध केलं, जगापुढे मांडलं, आणि त्यातून नावं गाळण्याचे नियम कडक करण्याची चर्चा सुरू झाली. तुमच्या मुलाच्या हाती लागलेलं वर्म काही कमी कामाचं नव्हतं.

कायद्याचं थोडक्यात सांगते, घाबरवण्यासाठी नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००. त्याच्या कलम ४३ खाली मालकाच्या परवानगीविना संगणकयंत्रणेत शिरणं आणि तिथली माहिती उतरवून घेणं, दोन्ही येतात. त्यात नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा लबाडीनं केलं असं ठरलं तर कलम ६६ लागतं : तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यंत्रणा किती कच्ची होती याची कायदा चौकशी करत नाही, परवानगी होती का एवढंच विचारतो. आणि व्यवसायाची नीतीही हेच सांगते. एसीएम ही संगणकतज्ज्ञांची जुनी आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिच्या २०१८ च्या सुधारित आचारसंहितेत स्पष्ट म्हटलंय की एखादी यंत्रणा सगळ्यांना उघडी दिसते, एवढ्यावरून ती वापरायची परवानगी आहे असं धरू नये. तुमच्या मुलाचा बचाव तिथे आधीच निकालात काढलेला आहे.

"हेतू वाईट नव्हता" हे तिसरं वाक्य. त्यावर मात्र मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण तुमच्या मुलाचं वय असं म्हणण्याचंच आहे.

रॉबर्ट मॉरिस हा कॉर्नेल विद्यापीठात पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला होता. २ नोव्हेंबर १९८८ ला त्यानं इंटरनेटवर एक प्रोग्राम सोडला. एका संगणकावरून दुसऱ्यावर आपसूक जाणारा. तो काही पुसत नव्हता, चोरत नव्हता. समोरच्या संगणकावर आपली प्रत आधीच बसलेली असेल तर पुन्हा बसायचं नाही, अशी सोयसुद्धा त्यात होती. पण एखादा हुशार माणूस 'प्रत आहे' असं खोटंच भासवून आपल्याला परतवेल अशी मॉरिसला धास्ती वाटली, आणि त्यानं मेख मारून ठेवली : उत्तर 'आहे' असं आलं तरी सात वेळांतून एकदा बसायचंच. इथेच सगळं फिसकटलं. सातातून एकदा हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण संगणक एकमेकांना सारखे विचारत राहिले की प्रतींवर प्रती साचतात. यंत्रं गुदमरून ठप्प झाली. त्या वेळचा अंदाज सहा हजारांच्या आसपास यंत्रांचा होता, आणि तेव्हाच्या चिमुकल्या इंटरनेटच्या मानानं तो प्रचंड होता. खटला चालला. तीन वर्षं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा, १०,०५० डॉलर दंड. हेतू चोरीचा नव्हता हे सगळ्यांनाच कळत होतं, तरी निकाल टळला नाही. पुढे हाच मॉरिस एमआयटीत प्राध्यापक झाला, हेही लिहिते, म्हणजे रात्री तुम्हाला झोप लागेल.

मुलांना मी ही गोष्ट सांगत असे तेव्हा त्यांना शिक्षेपेक्षा ती सातातून एकदाची ओळ जास्त लागायची. कारण ती चूक त्यांच्या ओळखीची असते. गणित चुकलं होतं. आपल्या हातून सुटलेली गोष्ट किती यंत्रांवर, किती वेळा, किती माणसांच्या दारात जाऊन उभी राहील, याचा हिशेब आधी करणं हा नीतीचाच भाग आहे, आणि तो हिशेब करायला कॉम्प्युटरइतकं चांगलं कुठलंही शास्त्र शिकवत नाही.

इथे मी तुमच्या मुलाच्या बाजूनं बोलणार आहे. आजीवर तो ओरडतो ते सूर सोडून बरोबरच आहे. एकानं पाच जणांना पाठवलं, त्या प्रत्येकानं आणखी नव्या पाच जणांना, असं होत गेलं तर दहाव्या पायरीला किती माणसं होतात? ९७,६५,६२५. अख्ख्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ९४ लाखांच्या घरात होती. हे त्यानं वहीत सोडवलेलं आहे, म्हणून त्याला धडकी भरते. आजीनं सोडवलेलं नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं भटक्या समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ती पाचाची वेस कुठून आली हे त्यानं आजीला शांतपणे सांगितलं तर ओरडायची वेळ येणार नाही. माझा अनुभव असा की म्हाताऱ्या माणसांना गणित सांगितलं तर पटतं, अक्कल काढली तर नाही.

म्हणजे हे शिक्षण जबाबदारी शिकवतं का? शिकवतं, पण आपण जिथे शोधतो तिथे नाही. बऱ्याच कॉलेजांत सायबर कायदा आणि नीती हा ऑडिट कोर्स असतो. क्रेडिट नाही, म्हणून किंमतही नाही. आदल्या रात्री कुणाच्या तरी नोट्सचा पीडीएफ फिरतो. कलम ६६ ची शिक्षा पोरांना तोंडपाठ असते, आणि त्याच आठवड्यात मित्राचं असाइनमेंट नाव बदलून सबमिट होतं. अशा पेपरातून कुणी सुधारल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

सुधारतात ती लॅबमध्ये. डेटाबेसच्या मिनी प्रोजेक्टचंच घ्या. दरवर्षी तेच तीन-चार विषय : हॉस्पिटल मॅनेजमेंट, लायब्ररी, जिम. मुलं टेबल बनवतात आणि त्यात न चुकता आधार नंबरचा कॉलम असतो. जिमच्या सभासदाचा आधार नंबर तुम्हाला कशाला हवा? "असावा म्हणून, मॅडम." मग मी बसवून घ्यायची. या कॉलमचा उपयोग कोणत्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या कोणत्या प्रश्नात होतो, ते दाखवा. दाखवता येत नाही. मग काढा. नमुन्यासाठी भरलेले फोन नंबर कुणाचे? वर्गातल्या पोरींचे, खरेखुरे. तेही काढा, खोटे भरा. पासवर्डचा कॉलम उघडला तर पासवर्ड जसेच्या तसे लिहिलेले. तेव्हा हॅश काय असतो ते तिथेच करून बघायचं : पासवर्डचं असं चूर्ण करून ठेवायचं की ते परत जुळवून मूळ पासवर्ड आपल्यालाही काढता येऊ नये, साइटच्या मालकालाही नाही. (पासवर्ड विसरलात आणि एखाद्या साइटनं तुमचा जुनाच पासवर्ड मेलवर परत पाठवला, तर समजा की तिनं तो उघडा ठेवलाय. तिथून काढता पाय घ्या.) ही मुलं पुढे हिंजवडीत, खराडीत आयटी कंपन्यांत जातात आणि लाखो माणसांची टेबलं त्यांच्या हाताखाली येतात. 'हा कॉलम कशाला हवा' हा प्रश्न ज्याच्या हाडीमासी मुरला, त्याला वेगळं प्रवचन लागत नाही. १९७५ साली साल्ट्झर आणि श्रोडर या दोघांनी संगणकातल्या माहितीच्या संरक्षणाची जी तत्त्वं मांडली, त्यातलं एक हेच आहे : ज्याला कामापुरता जेवढा अधिकार लागतो तेवढाच द्यावा. ऑपरेटिंग सिस्टिमच्या तासाला ते यंत्रासाठी शिकवतात. स्वतःला लावायचं की नाही, हे शिकवणाऱ्यावर आणि घरच्यांवर आहे.

आता कामाचं. आजपासून पोर्टलला हात नाही. 'अजून तसंच आहे का बघतो' म्हणूनसुद्धा नाही. कधी केलं, काय उतरवलं, कुणाकुणाला दाखवलं, कुणाकडे प्रत गेली, हे त्यानं एका कागदावर खरं खरं लिहावं. तो कागद घेऊन सायबर प्रकरणं बघणाऱ्या वकिलाकडे तासभर जाऊन या, तुम्ही दोघंही. दोष कळवला म्हणून कायद्यात आपोआप अभय मिळत नाही, आणि त्यानं माहिती नुसती बघितलेली नाही, उतरवली आहे. म्हणून हा एक तास वाया गेला असं समजू नका. त्यांच्या सल्ल्यानं सगळ्या प्रती काढून टाकायच्या. लॅपटॉप, पेनड्राइव्ह, गुगल ड्राइव्ह, आणि मित्रांचे फोनही. व्हॉट्सॲपवर 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं तरी गॅलरीत उतरलेला फोटो तिथे राहू शकतो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल.

मग पत्र. विभागप्रमुखांना, प्रत प्राचार्यांना, ईमेलनं, म्हणजे तारीख राहते. पोर्टलच्या कुठल्या पानावर, काय केलं असता, काय दिसतं, एवढं तीन-चार ओळींत. पुराव्याला स्वतःची पावती आणि फार तर एखाद्या मित्राची, त्याला विचारून. इतर कुणाचंही पान जोडायचं नाही. आपण किती उतरवलं आणि त्याचं काय केलं हेही कबूल करायचं, वकील सांगतील त्या शब्दांत. 'अमुक दिवसांत दुरुस्त करा नाहीतर' ही भाषा नको, बक्षिसाची अपेक्षा नको, आणि इन्स्टाग्रामवर तर चकार शब्द नको. कॉलेज ढिम्म राहिलं तर केंद्र सरकारची सर्ट-इन ही यंत्रणा आहे, ती अशा दोषांची माहिती घेते. तिथे कळवता येतं. लोकांची माहिती नीट सांभाळायची जबाबदारी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं ती गोळा करणाऱ्यावर टाकलेली आहे. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. कॉलेजही त्यातून सुटणार नाही, हे पत्रात लिहू नका, पण मनात असू द्या.

बाबांना माझा निरोप सांगा. 'अभ्यासाचा भाग' असेल तर अभ्यासाच्या जागा आहेत. ओवास्पचंच वेबगोट, किंवा डीव्हीडब्ल्यूए, ही मुद्दाम भोकं ठेवलेली सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. स्वतःच्या लॅपटॉपवर चढवायची आणि हवी तेवढी फोडायची. हाच आकडा बदलायचा खेळही त्यात आहे. हात बसला की बग बाउंटी आहे. त्यात कंपन्या स्वतःच जाहीर करतात की आमचं काय तपासा, कशाला हात लावू नका, आणि सापडलं तर पैसे देतात. त्या अटींचं पान बाबांनी एकदा मुलाशेजारी बसून वाचावं. सापडलेला दोष दाखवण्यापुरतंच बघा, इतरांची माहिती उतरवू नका, असं त्यात हमखास असतं.

आणि तो मुलगा, जो काही दिवस कॉलेजला आला नाही. या सगळ्यात त्याच्यासाठी कायद्याचं कलम शोधत बसू नका. तुमच्या मुलानं त्याला एकट्याला गाठून सांगायचं : तुझी माहिती मी काढली, मी दाखवली, माझं चुकलं. 'दुखावला असशील तर सॉरी' असं नाही. ग्रुपवर तर नाहीच, तिथे माफी मागणं म्हणजे थट्टेचा दुसरा अंक. त्यानं तोंडावर दार लावलं तर तो त्याचा हक्क आहे. वर्गातल्या बाकीच्यांनाही, आपली माहिती बाहेर गेली होती, हे कळायला हवं. पण ते सांगायचं काम कॉलेजचं, आणि पत्रात तेवढी विनंती जरूर करावी.

कॉलेजं अशा वेळी कळवणाऱ्यालाच आधी धरतात, हे मी नाकारत नाही. बोलावणं आलं तर तुम्ही बरोबर जा, पण बोलू त्याला द्या. माफीनाम्यावर तिथल्या तिथे सही मागतील. कागद घरी आणा, वकिलांना दाखवा, मग सही करा.